मोटारीतील आसनसज्जेचे स्वयंशिक्षण : साहित्य, पद्धती आणि मर्यादा
(जळगाव जिल्ह्यातील असोदा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे भरिताची वांगी आणि दुसरे म्हणजे बहिणाबाई चौधरी. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली याच गावी झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. तथापि शेती, जाते, पक्षी आणि माणसे यांच्या सूक्ष्म निरीक्षणातून त्यांची कविता सिद्ध झाली. सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरील त्यांची कविता मराठी वाचकाला सुपरिचित आहे. पाहून शिकणे आणि हाताने घडविणे ही ज्ञानार्जनाची रीत या परिसराला नवी नाही.

प्रस्तुत लेखात याच रीतीचा विचार एका आधुनिक कौशल्याच्या संदर्भात केला आहे. ते कौशल्य म्हणजे मोटारीतील आसनसज्जा. व्यवहारातील भाषेत सांगायचे तर सीटचे कुशनकाम. ग्रामीण भागात जुनी मोटार विकत घेणारे कुटुंब इंजिन तपासून घेते. परंतु आसनांचे रेक्झिन तडकलेले, फोम बसलेला आणि छताचे कापड लोंबलेले असते. अशा वेळी दोन मार्ग दिसतात. शहरातील कुशनवाल्याकडे गाडी सोपविणे हा पहिला आणि बाजारातील तयार कव्हर चढवून आतील दोष झाकणे हा दुसरा. स्वतः शिकून आसन नव्याने बांधणे हा तिसरा मार्गही उपलब्ध आहे. तो कितपत शक्य आहे, त्यासाठी कोणते ज्ञान लागते आणि तो कोठे धोकादायक ठरतो, याचे विवेचन करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

वाहनाच्या अंतर्भागाची सजावट हा महाराष्ट्रात जुना व्यवसाय आहे. त्याचे निरनिराळे स्तर आढळतात. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसबांधणीचे काम अनेक दशके चालत आले आहे. तेथील आसन टिकाऊ असावे, पुसता यावे आणि एकसारखे शेकड्यांनी तयार व्हावे, अशी अपेक्षा असते. याच्या दुसऱ्या टोकाला दिलीप छाब्रिया यांचे काम येते. त्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डीसी डिझाइन या संस्थेने ग्राहकाच्या इच्छेनुसार मोटारीचा अंतर्भाग बदलून देण्याची कल्पना भारतात लोकप्रिय केली. प्रवासी गाडीचे रूपांतर आरामखुर्च्यांच्या दिवाणखान्यात करणे ही त्या कामाची ओळख ठरली.

तिसरे उदाहरण मुंबईच्या टॅक्सीचे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. टॅक्सीचालक आपल्या आवडीचे नक्षीदार कापड आसनांना व छताला लावीत. हीच परंपरा आधारभूत मानून संकेत अवलानी यांनी २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ हा उपक्रम सुरू केला. तरुण चित्रकारांनी रेखाटलेले कापड टॅक्सीच्या आसनांवर, दारांवर व छतावर बसविण्यात आले आणि प्रवाशाला एक लहानसे कलादालन लाभले.

बस, आलिशान मोटार आणि टॅक्सी यांच्या खर्चात मोठे अंतर आहे. परंतु मूळ क्रिया समान आहेत. आसनाचे माप घेणे, नमुना काढणे, कापणे, शिवणे आणि ताणून बसविणे या त्या पाच क्रिया होत. खान्देशातील महामार्गांलगतच्या कुशनवाल्यांच्या लहान दुकानांतही हेच घडते. तेथे हे ज्ञान लिखित स्वरूपात नसते. उस्तादाच्या शेजारी बसून ते मिळवावे लागते. ज्याला उस्ताद लाभत नाही, त्याला जुने आसनच गुरू मानावे लागते.

साहित्याचे स्वरूप आणि खान्देशातील उष्मा

आसनाचे चार थर असतात : लोखंडी सांगाडा, त्यावरील स्प्रिंग अथवा तारांची जाळी, फोम आणि आवरण. पूर्वी फोमच्या जागी कापूस, काथ्या किंवा रबर लावलेला काथ्या वापरीत. कापसाच्या या प्रदेशात गाद्या भरण्याची कला घरोघरी परिचित आहे. मात्र मोटारीच्या आसनासाठी कापूस पुरेसा ठरत नाही. सततच्या हादऱ्यांनी तो एका बाजूस सरकतो आणि त्याच्या गाठी होतात. म्हणून पॉलियुरेथेन फोम रूढ झाला. फोमची प्रत त्याच्या घनतेवरून ठरते. बाजारात ज्याला ‘४० डेन्सिटी’ म्हणतात, त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ४० किलो असते. बैठकीसाठी साधारणतः या प्रतीचा आणि पाठीसाठी त्याहून हलका फोम घेतात. घनता आणि कठीणपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. हाताला मऊ लागणारा हलका फोम दुकानात सुखद वाटतो आणि काही महिन्यांत बसतो.

आवरणासाठी सर्वाधिक वापर रेक्झिनचा होतो. हे मूळचे एका ब्रिटिश उत्पादनाचे व्यापारी नाव. पुढे ते कृत्रिम चामड्यासाठी सामान्यनाम बनले. आजचे रेक्झिन म्हणजे विणलेल्या कापडावर चढविलेला पीव्हीसीचा थर होय. पीव्हीसी मुळात कडक असते; त्यात मिसळलेल्या मृदुकारक द्रव्यामुळे ते लवचिक होते. उष्णतेने हे द्रव्य हळूहळू उडून जाते, रेक्झिन ताठरते आणि बसण्याच्या कडेवर प्रथम तडकते.

जळगावच्या उन्हाळ्याचा विचार येथेच करावा लागतो. मे महिन्यात येथील पारा अनेकदा ४४–४५ अंश सेल्सिअसवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील हवा तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकते; काळ्या पृष्ठभागाचे तापमान त्याहूनही वाढते. फर्निचरसाठी वापरले जाणारे साधे चिकट सोल्यूशन या तापमानात मऊ पडते. छताचे कापड लोंबण्यामागे बहुधा दोन कारणे असतात : सोल्यूशन सुटणे आणि कापडामागील पातळ फोमचा भुगा होणे. दुसऱ्या स्थितीत नवे सोल्यूशन लावून उपयोग होत नाही. जुना भुगा पूर्णपणे खरवडून नवे फोमयुक्त कापडच लावावे लागते.

यावर एक सोपी कसोटी सुचविता येते. निवडलेले रेक्झिन, धागा, फोम आणि सोल्यूशन यांचा वीतभर नमुना तयार करावा आणि तो उन्हाळ्यात उभ्या मोटारीच्या मागील काचेखाली दोन आठवडे ठेवावा. कड सुटली, रंग उतरला किंवा रेक्झिन आक्रसले, तर ते साहित्य या प्रदेशासाठी योग्य नाही असे समजावे. पुस्तकातील शिफारशीपेक्षा ही स्थानिक चाचणी अधिक विश्वसनीय आहे.

साधने

सुरुवातीस फार साधने लागत नाहीत. धारदार कात्री, मापपट्टी, खडू, उसवणी, जाड पुठ्ठा, कापड धरण्यासाठी चिमटे आणि पक्कड एवढ्यावर आरंभ होतो. रेक्झिन आणि चामडे यांना टाचणी लावू नये. कारण त्यात पडलेले छिद्र बुजत नाही. याच कारणाने चुकीची शिवण उसवून पुन्हा त्याच जागी घालता येत नाही. कापडाच्या शिवणकामापेक्षा या कामाची शिस्त वेगळी ठरते ती येथे.

घरातील काळी शिलाई मशीन दोन पदर पातळ रेक्झिन शिवू शकते. १०० किंवा ११० क्रमांकाची सुई लावावी, टाका सुमारे ४ मिलिमीटर लांब ठेवावा आणि जाड जागी चाक हाताने फिरवावे. परंतु पाइपिंगच्या सांध्यावर चार-पाच पदर एकत्र येतात, तेव्हा ही मशीन अडते. शिवाय तिचे दात केवळ खालचा पदर पुढे ढकलतात. वरचा पदर मागे राहतो आणि शिवणीच्या शेवटी दोन टोके जुळत नाहीत. व्यावसायिक मशीनमध्ये सुई व दाबपट्टीही कापडाबरोबर पुढे सरकते, म्हणून हा दोष टळतो. नवशिक्याने अशी मशीन आरंभीच विकत घेऊ नये. कापणी घरी करून जाड शिवणी भाड्याने किंवा कुशनवाल्याकडून घालून घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. धागा मात्र सुती नसावा. ऊन आणि घाम यांनी तो कुजतो. जाड पॉलिएस्टर धागा वापरावा.

शिकण्याचा क्रम

शिकणाऱ्याची पहिली ओढ पुढच्या आसनाकडे असते. परंतु तेच सर्वांत अवघड असते. म्हणून सपाट, सरळ कडांच्या वस्तूपासून सुरुवात करणे हितावह होय. जीपच्या मागील बाजूचा लांब बाक हा या दृष्टीने उत्तम पाठ आहे.

समजा, बाकाची प्लायवूडची फळी ४८ इंच लांब व १८ इंच रुंद आहे आणि फोम ४ इंच जाडीचा आहे. फोम दोन्ही दिशांनी अर्धा इंच मोठा, म्हणजे ४८½ × १८½ इंच कापावा. आवरण मात्र ४८ × १८ इंचांचेच शिवावे. म्हणजे फोम किंचित दाबला जाऊन आवरण ताठ बसते. शिवणीसाठी प्रत्येक कडेला अर्धा इंच धरल्यास वरचा तुकडा ४९ × १९ इंच होतो. बाजूच्या पट्ट्यांची उंची ४ इंच, शिवणीसाठी अर्धा इंच आणि फळीखाली वळवून ठोकण्यासाठी ३ इंच, अशी एकूण ७½ इंच होते. पुढची व मागची पट्टी प्रत्येकी ४९ इंच आणि बाजूच्या दोन पट्ट्या प्रत्येकी १९ इंच लांब असतील.

रेक्झिनचा पन्हा साधारणतः ५४ इंच असतो. पन्ह्याच्या दिशेने ४९ इंच मावतात. वरच्या तुकड्यास १९ इंच, पुढच्या व मागच्या पट्टीस १५ इंच आणि शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन लहान पट्ट्यांस ७½ इंच, अशी ४१½ इंच लांबी लागते. पाइपिंगसाठी दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या धरल्या, तर एकूण ४६ इंच होतात. म्हणजेच सव्वा मीटर रेक्झिन पुरते. कात्री लावण्यापूर्वी कागदावर केलेला हा हिशेब पहिल्या कामातील बहुतांश नासाडी टाळतो. बाक बसविताना आधी चारही बाजूंच्या मध्यबिंदूंवर आवरण ठोकावे आणि मग कोपऱ्यांकडे जावे. एका कोपऱ्यापासून सुरुवात केल्यास सर्व सुरकुत्या दुसऱ्या कोपऱ्यात जमा होतात.

दुसरा टप्पा वक्र आसनाचा. येथे जुने आवरण हाच नमुना असतो. आसन खोलण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आवरण फोमच्या खाचांतील तारेला लहान धातूच्या कड्यांनी जखडलेले असते; ती कडी कापून आवरण सोडवावे. त्यानंतर प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, डावी-उजवी बाजू, पुढची दिशा आणि मध्यरेषा लिहावी. शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या खुणा शिवणीवर दर चार इंचांवर आडव्या रेघांनी कराव्यात. हे सर्व झाल्यानंतरच शिवण उसवावी. आधी उसवून मग खुणा करणाऱ्याच्या हाती केवळ चिंध्या उरतात.

उसवलेला तुकडा वजनाखाली सपाट करून पुठ्ठ्यावर त्याची आकृती काढावी. वर्षानुवर्षे बसून तो ताणलेला असतो, हे विसरू नये. डावा आणि उजवा तुकडा एकमेकांवर ठेवून पाहिल्यास चालकाच्या बाजूचा तुकडा मोठा झालेला आढळतो. अशा वेळी कमी वापरलेल्या बाजूचा तुकडा उलटून नमुना म्हणून घ्यावा. नवे रेक्झिन एका दिशेने अधिक ताणले जाते. ही दिशा हाताने ओढून ओळखावी आणि सर्व जोडतुकड्यांत एकसारखी ठेवावी. अखेरीस जुन्या कापडातून किंवा जुन्या चादरीतून एक चाचणी-आवरण शिवून आसनावर चढवून पाहावे. शिंप्याच्या कामात कच्च्या शिवणीला जे स्थान आहे, तेच येथे चाचणी-आवरणाला आहे.

नवे आवरण चढविताना रेक्झिन थोडा वेळ उन्हात ठेवल्यास किंवा हेअर ड्रायरने कोमट केल्यास लवचिक होते. मध्यापासून कडांकडे जात खाचेतील तार पुन्हा जखडावी. राहिलेल्या बारीक सुरकुत्या सौम्य उष्णतेने निघतात. परंतु चुकीच्या मापामुळे पडलेली घडी उष्णतेने जात नाही.

मर्यादा : हात कोठे थांबवावा

येथवरच्या चुकांची किंमत सव्वा मीटर रेक्झिन एवढीच असते. यापुढील चुकांची किंमत जीवाने मोजावी लागू शकते. भारतात नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून अनिवार्य झाली आणि त्यानंतर पुढील सहप्रवाशासाठीही ती आवश्यक करण्यात आली. या दोन पिशव्या स्टिअरिंगमध्ये व डॅशबोर्डमध्ये असतात. आसनाच्या आवरणाशी त्यांचा संबंध येत नाही. परंतु अनेक मोटारींत बाजूच्या धडकेसाठी असलेली एअरबॅग पुढील आसनाच्या पाठीत, दाराकडील कडेला बसविलेली असते. तशी खूण तेथे लावलेल्या चिठ्ठीवर असते. धडकेच्या क्षणी, सेकंदाच्या काही शतांश भागात, ही पिशवी आवरणाची एक विशिष्ट शिवण फाडून बाहेर येते. ती शिवण मुद्दाम ठराविक धाग्याने व ठराविक टाक्याने कमजोर ठेवलेली असते.

घरी शिवलेली मजबूत दुहेरी शिवण किंवा बाजारातील घट्ट कव्हर ही वाट अडवते. चांगल्या कारागिराची ओळख मानली जाणारी भक्कम शिवण येथे दोष ठरते. म्हणून बाजूची एअरबॅग असलेल्या आसनाची पाठ घरी उसवू नये व तिच्यावर कव्हरही चढवू नये. अशा आसनाखालील, बहुधा पिवळ्या रंगाचा, विद्युत जोड बॅटरी न सोडविता काढू नये. तो सुटा असताना किल्लीही फिरवू नये. आसनपट्ट्या उसविणे, रंगविणे अथवा पुन्हा शिवणे सर्वथा वर्ज्य मानावे. आसन परत बसविताना त्याचे बोल्ट वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळून घ्यावेत.

दुसरा धोका अग्नीचा. मोटारीच्या अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळावे, यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार आडव्या चाचणीत ज्वाला मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. घरगुती सोफ्यासाठी विकला जाणारा फोम या कसोटीस उतरतोच असे नाही. साहित्य घेताना ते मोटारीसाठीचे आहे काय, हे विचारून घ्यावे.

तिसरी मर्यादा कायद्याची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. आवरण अथवा फोम बदलल्याने त्या तपशिलास बाध येत नाही. मात्र आसनांची संख्या कमी-अधिक करणे हा या कलमाच्या कक्षेत येणारा बदल आहे. जीपमध्ये जादा बाक बसविण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

स्थानिक कौशल्य आणि रोजगार

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिवणकामाच्या अभ्यासक्रमांतून ग्रामीण भागातील अनेक तरुणी माप, नमुना आणि कापणी शिकतात. हे शिक्षण वस्त्रांपुरते असते. तयार कपड्यांच्या बाजारपेठेमुळे गावातील शिवणकामाला मिळणारा मोबदला मर्यादित राहतो. दुसरीकडे ट्रॅक्टरचे आसन, मोटारसायकलची गादी, रिक्षाची बैठक आणि जीपचा बाक यांची दुरुस्ती गावात सतत निघते व ती शहराकडे जाते. या चारही वस्तूंत एअरबॅग नसते आणि त्यांचे आकार तुलनेने सोपे असतात. ज्या हातांना ब्लाउजची कटोरी कापता येते, त्यांना वक्र आसनाचा नमुना समजण्यास फार काळ लागू नये. सपाट कापडाला वक्र शरीरावर बसविण्याची भूमिती दोन्हीकडे एकच आहे. उणीव आहे ती जड मशीनची आणि हे काम पुरुषांचेच, या समजुतीची. पहिली उणीव बचत गटाने सामाईक मशीन घेतल्यास दूर होऊ शकते. दुसरी दूर होण्यासाठी गावात एक चांगला शिवलेला बाक दिसावा लागेल.

निष्कर्ष

१. मोटारीतील आसनसज्जा घरी शिकता येते. मात्र तिचा पाया शिवणकामापेक्षा मोजमाप, खुणा आणि नमुना यांत आहे. जुने आवरण काळजीपूर्वक उसवणे हाच त्याचा पहिला पाठ होय.

२. सपाट बाकापासून वक्र आसनाकडे, असा क्रम ठेवल्यास साहित्याची नासाडी कमी होते.

३. खान्देशातील उष्णता ही साहित्यनिवडीची प्रमुख कसोटी आहे. प्रत्येक साहित्याची स्थानिक उन्हात चाचणी घेणे आवश्यक ठरते.

४. बाजूची एअरबॅग असलेली आसनाची पाठ, आसनपट्ट्या आणि आसनसंख्या या तीन बाबींना घरगुती कामाने स्पर्श करू नये.

५. ट्रॅक्टर, रिक्षा व जीप यांच्या आसनांची दुरुस्ती हे गावातील विद्यमान शिवणकौशल्याला उपलब्ध असलेले सुरक्षित आणि नित्य मागणीचे क्षेत्र आहे.

कौशल्य आत्मसात करणे म्हणजे काय करता येते हे जाणणे, तसेच काय करू नये हेही जाणणे. उस्तादाजवळ शिकणाऱ्याला ही दुसरी बाजू त्याच्या एका नजरेतून कळते. स्वतः शिकणाऱ्याने ती कामाला हात घालण्यापूर्वीच वाचून, विचारून समजून घेतली पाहिजे. तसे झाल्यास असोद्यासारख्या गावातील एखाद्या अंगणात बांधलेले आसन शहरातील दुकानाच्या कामापेक्षा कमी प्रतीचे असण्याचे कारण उरत नाही.